एका बेडरूमचे आठ वाटे

"सातारा शहरात जुन्या पेठेत वन बीएचके विकणे आहे. राजवाडा चालत पाच मिनिटे. दुसरा मजला. कासचे पाणी. कागदपत्रे क्लिअर." अशा जाहिराती हल्ली रोज दिसतात. सांगलीत गावभाग आणि खणभागातही तेच चित्र आहे. जागेचा भाव, पार्किंग, लिफ्ट यांची चौकशी सगळेच करतात. या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे ते जाहिरातीतल्या शेवटच्या दोन शब्दांवर. "कागदपत्रे क्लिअर" म्हणजे नेमके कोणाच्या दृष्टीने क्लिअर?

आधी ही घरे आली कुठून ते पाहू. १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढत गेले. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, शिवाय मल्हार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, प्रतापगंज. सांगलीला राजधानीचे रूप आले ते चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाल्यावर. दोन्ही शहरांत जुन्या वस्तीची घडण सारखीच. रस्त्याला तोंड अरुंद, आत खोलवर गेलेले वाडे आणि वाड्यात भाडेकऱ्यांची बिऱ्हाडे. शिवणकाम करणारे, बागवान, अत्तार, शिक्षक, कचेरीतले कारकून अशी आपली कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्या याच खोल्यांतून राहिली. वाडे मोडकळीला आले, जागी इमारती उभ्या राहिल्या आणि खोलीच्या बदल्यात किंवा थोडे पैसे भरून भाडेकऱ्याला एक बेडरूमचा फ्लॅट मिळाला. अनेक घरांत अब्बांच्या नावावर झालेली ती पहिली आणि शेवटची मिळकत.

आता ती पिढी एक-एक करून अल्लाहच्या घरी जाते आहे. मुले पुण्याला, मुंबईला किंवा आखातात. म्हणून फ्लॅट विकायला निघतो.

वाड्याची वाटणी करता येत होती. माडी थोरल्याला, सोपा धाकट्याला, परसातली खोली विधवा होऊन माहेरी आलेल्या बहिणीला. कागदावर तिचे नाव असो वा नसो, तिचा कोपरा सगळ्यांना दिसायचा. साडेचारशे फुटांच्या फ्लॅटला परस नाही. तो मोडून वाटता येत नाही, विकून पैसेच वाटावे लागतात. भिंत डोळ्यांसमोर उभी राहते, पैसा मात्र एका खात्यात गेला की दिसेनासा होतो. बहिणीचा हक बुडतो तो नेमका इथे.

आम्ही शाळेत हिशेब शिकवतो, तेव्हा हिशेबच मांडून दाखवतो. समजा फ्लॅट २४ लाखांना गेला. मरहूम वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. कर्ज, दफनविधीचा खर्च, बायकोचा राहिलेला महर आणि कायदेशीर वसियत असेल तर तीही आधी वजा करायची. इथे यातले काही नाही असे धरू. मुले असल्यामुळे पत्नीचा हिस्सा आठवा, म्हणजे ३ लाख. उरले २१ लाख. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन मुलांचे चार वाटे आणि तीन मुलींचे तीन, एकूण सात. एक वाटा ३ लाखांचा. प्रत्येक मुलीला ३ लाख, प्रत्येक मुलाला ६ लाख. अम्मीचा धरून एका बेडरूमचे आठ वाटे झाले. सातवीतल्या मुलालाही हे गणित सुटते. घरी मात्र ते सोडवायला कोणी बसत नाही.

न बसण्याची कारणे ठरलेली असतात. "तिच्या लग्नात खर्च केला की." लग्नात दिलेले ती अब्बांची भेट होती, वारसा त्यांच्या निधनानंतर सुरू होतो आणि आधीच्या भेटीने तो फिटत नाही. "अब्बांनी नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव लावले होते." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढेच त्यावरून ठरते, वारसांचे हक तसेच राहतात. "अब्बांनी सगळे मुलांच्या नावे लिहून ठेवले आहे." वसियत एक तृतीयांशाच्या पुढे चालत नाही. शिवाय वारसालाच द्यायची असेल, तर आपल्याकडच्या हनफी कायद्यात बाकी वारसांची संमती लागते, आणि ती निधनानंतर दिलेली असावी लागते.

"आपल्याकडे मुलींना देण्याची पद्धत नाही," हे चौथे कारण. एकेकाळी कोर्टेसुद्धा अशी रूढी मान्य करत. ती वाट १९३७ च्या शरीअत कायद्याने बंद केली. त्या कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, पण शहरातला फ्लॅट ही शेतजमीन नाही. तिथे पळवाट नाही.

आता घेणाऱ्यांसाठी. आपल्या वाचकांपैकी अनेक जण बदली, मुलांचे शिक्षण किंवा म्हातारपणचा आसरा म्हणून अशीच छोटी जागा शोधत असतात. रंग, फरशी पाहण्याआधी मिळकत पत्रिका आणि इंडेक्स टू पाहा. मूळ मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची यादी मागा. यादीत मुलींची नावे नसतील तर शेजारी विचारा. पेठेत कोणाला किती मुली हे सगळ्यांना ठाऊक असते. मुस्लिम कायद्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा निधनाच्या क्षणीच वेगळा ठरतो. एक भाऊ आपला हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. तिची सही नसेल तर तुम्ही पूर्ण पैसे देऊन अपुरे घर विकत घेता. नोटरी केलेल्या कागदावर किंवा नुसत्या साठेखतावर भागवू नका, नोंदणीकृत खरेदीखतच हवे. सांगलीत नदीकाठच्या भागात घेत असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते हेही विचारा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी ४५ आहे. एक सोयीची गोष्टही सांगतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आपल्या घरी तिचा विचार करा.

राहिली अम्मी. आठव्या हिश्श्याच्या ३ लाखांत तिला कुठेही छप्पर मिळणार नाही. ती त्या फ्लॅटमध्ये राहत असेल, खालच्या दुकानदाराला, मशिदीच्या अजानला, समोरच्या कुलकर्णी वहिनींना ती ओळखत असेल, तर विक्रीची घाई कोणाच्या सोयीसाठी आहे हे मुलांनी स्वतःला विचारावे. सगळे वारस राजी असतील तर तिच्या हयातीपर्यंत घर तसेच ठेवता येते. हक कोणाचाच बुडत नाही, फक्त थांबावे लागते.

आणि विकायचेच ठरले तर एक साधी रीत पाळा. घेणाऱ्याला सांगून प्रत्येक वारसाच्या हिश्श्याचा वेगळा चेक काढा, ज्याच्या-त्याच्या नावे, ज्याच्या-त्याच्या खात्यात. अम्मीचा अम्मीच्या, बहिणींचे बहिणींच्या. पैसे हातात पडल्यावर एखादी बहीण म्हणाली, "भाईजान, तुमची अडचण आहे, यातले तुम्ही घ्या," तर ती तिची मेहरबानी, खुशीने घ्या. पण सहीच्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत, चार माणसांसमोर, मान खाली घालून ती "माफ केलं" म्हणत असेल, तर त्याला माफी म्हणू नये. माफ करायला आधी ते तिच्या हातात आलेले असावे लागते.