घाटाला घड्याळ नसतं

२ मिनिटं ३१ सेकंद. माझी अठरा वर्षांची फुशारकी एवढ्यात मावली.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. गेल्या फेब्रुवारीत मी तिथे ट्रॅक-डेला गेलो होतो. संध्याकाळी सगळ्यांच्या वेळांचा छापील कागद भिंतीवर चिकटवला गेला, आणि मी स्वतःचं नाव वरून शोधायला सुरुवात केली. दहावीच्या निकालात नापास होणारी पोरं निदान खालून बघायची, तेवढंही तारतम्य मला नव्हतं. बराच वेळ उतरत उतरत गेल्यावर मी सापडलो. माझ्याखाली तिघंच होते. त्यातल्या एकाची गाडी दुपारीच बंद पडली होती.

माझी गाडी नऊशे सीसीची. माझ्यापेक्षा बारा सेकंद कमी घेणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, कोल्हापूरचा. त्याची गाडी १५५ सीसीची, जुनी आर-वन-फाइव्ह. त्याच्या बापाचं गॅरेज आहे. बापाने ती 'छोटा हत्ती' टेम्पोत दोरखंडाने बांधून एवढ्या लांब आणली होती. दुपारी पोरगा माझ्याजवळ आला, जरा घुटमळला. "काका, राग नका मानू, पण तुम्ही ब्रेक लईच लवकर मारताय. आणि वळणात बघताय कुठं? चाकाम्होरं? जिकडं जायचंय तिकडं बघा की."

अठरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आम्ही एकमेकांना फक्त "भावा, काय झोपवलीस!" एवढंच सांगतो.

'आम्ही' म्हणजे कोण, ते पुण्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकात जमणारे. आठ, दहा, बारा लाखांच्या गाड्या, त्यावर वरून बसवलेला एग्झॉस्ट, हेल्मेटवर कॅमेरा, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या म्हाताऱ्यांच्या झोपेबद्दल शून्य आस्था. तिथून पौड, मुळशी, ताम्हिणी. परतताना मिसळ, आणि मिसळीवर चर्चा: कोणाचा गुडघा कुठल्या वळणात टेकला. टेकला की नाही ह्याला पुरावा नसतो, म्हणून मग टायर तपासतात. टायरच्या कडेला न घासलेला पट्टा राहिला असेल, तर गाडी पुरती झोपवलेली नाही, असा हिशेब. आमच्यातल्या एकाने तो पट्टा घरी पॉलिश पेपरने घासून काढला होता. आम्ही त्याला हसलो खरे, पण त्या रविवारी आपापलं टायर सगळ्यांनीच जरा गुपचूप पाहिलं.

ह्या मंडळींत ट्रॅकचा विषय काढून बघा. मी गेली काही वर्षं काढतोय. "महाग आहे रे" हे पहिलं उत्तर. ट्रॅक-डेची फी मला साडेनऊ हजार पडली. गाडी टेम्पोतून नेण्या-आणण्याचा वाटा आणि राहणं धरलं, तर तीस हजारांच्या आत. महाग म्हणणाऱ्याने गाडीवर लावलेला एग्झॉस्ट पंच्याऐंशी हजारांचा होता आणि त्याने गाडीचा वेग नव्हे, फक्त आवाज वाढला होता. दुसरं उत्तर, "लांब आहे." ते खरं आहे, त्याकडे येतो. तिसरं उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण तेवढंच खरं आहे: तिथे घड्याळ असतं. गाडीला ट्रान्सपॉन्डर बांधतात, आणि संध्याकाळी कागद निघतो. घाटात तुम्ही कोणाच्या पुढे, कोणाच्या मागे, हे मिसळीच्या तिसऱ्या पावापर्यंत बदलता येतं.

ट्रॅकवर सकाळी आधी गाडीची तपासणी होते. हेडलाइटला, इंडिकेटरला टेप मारायची, म्हणजे पडलात तर काच ट्रॅकभर होत नाही. आरसे काढायचे. आमच्या गाड्यांचे आरसे काढताना कोणालाच चुकल्यासारखं झालं नाही, ते घाटातही केस नीट करण्यापुरतेच होते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी. कूलंट सांडलं की डांबर तेलासारखं निसरडं होतं आणि मागचा माणूस त्यावरून जातो. मागच्या माणसाचा विचार करून आपल्या गाडीत काही बदलायचं, ही कल्पना पुण्याच्या रस्त्यावरून आलेल्या माणसाला पचायला जड जाते. मग आमच्या शिक्षकाने स्पीडोमीटरवरही टेप मारायला लावली. "ह्याच्याकडे बघायचं नाही," म्हणाले. आमच्या गटातल्या दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. त्यांची आजवरची सगळी कीर्ती त्या तबकडीच्या फोटोंवर उभी होती.

नंतर झेंड्यांचा वर्ग. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. काळा दाखवला की तो तुमच्यासाठी, बाहेर या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा. पुण्यात पिवळा दिवा म्हणजे 'अजून वेळ आहे, दाब' असं समजणारी माणसं तिथे शाळकरी पोरांसारखी मान डोलवत होती. दिवसभरात एकानेही पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं नाही. ज्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढली, तिथली ही माणसं फेब्रुवारीतल्या चेन्नईच्या उन्हात गळ्यापासून घोट्यापर्यंत चामड्यात शिवल्यासारखी बसली होती आणि कोणाचाही जीव गुदमरला नव्हता. शिस्त आपल्याला जमत नाही, असं जे म्हणतात ते खोटं आहे. काळा झेंडा मिळाला की साडेनऊ हजार बुडतात, हे कळल्यावर उत्तम जमते.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या तासाला शिकवतात ती रेषा. वळणावर बाहेरच्या कडेने यायचं, मधे आतल्या कडेला टेकायचं, निघताना पुन्हा बाहेर. त्याने वळणाची त्रिज्या वाढते, आणि गाडी तेवढीच झुकवून वेग जास्त ठेवता येतो. साधी भूमिती आहे. पण ह्या भूमितीला रस्त्याची अख्खी रुंदी लागते, आणि घाटातली निम्मी रुंदी माणगावहून येणाऱ्या एसटीची असते. डाव्या वळणाला बाहेरची कडा म्हणजे एसटीची लेन. उजव्या वळणाला आतली कडा म्हणजे पुन्हा एसटीची लेन. गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे राहिली, तरी झोपवलेल्या माणसाचं डोकं पलीकडे असतं. म्हणजे ताम्हिणीत 'रेस लाइन' घेतो म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाही तर दर वळणाला समोर कोणी नसेल ह्यावर जीव लावतोय. स्वतःचा लावला तर लावला. समोरच्याला विचारलं होतं का?

काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या गटातल्या एकाने पौडच्या पुढे एका दूधवाल्याला उडवलं. उजवं वळण होतं. दूधवाला त्याच्या बाजूने, त्याच्या वेगाने, दोन कॅन लावलेल्या मोटरसायकलवरून येत होता. त्याच्या मांडीत अजून सळई आहे. आम्ही वर्गणी काढली, सव्वा लाख जमले, केस नको म्हणून बोलणी झाली. बोलणी करायला मीच गेलो होतो, कारण मला गोड बोलता येतं. त्याच्या आईने चहा दिला. तीन रविवार आम्ही घाटात गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो.

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. सगळ्यांना खड्ड्यांनी आणि ट्रकांनी मारलं, असं आम्ही मिसळीवर ठरवून टाकलेलं आहे.

त्या दिवशी दुसऱ्या सेशनला माझंही व्हायचं ते झालं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी मी ब्रेक उशिरा मारला. कोल्हापूरच्या पोराने सांगायच्या आधीची गोष्ट आहे ही, तेव्हा मी 'उशिरा' म्हणतोय ते माझ्या मानाने. वळण अंगावर आलं, डोळे बाहेरच्या कडेवर खिळले, आणि डोळे जिथे तिथे गाडी. डांबर संपलं, माती आली. गाडी दोन-चार हेलकावे खाऊन उभी राहिली. धूळ बसल्यावर समोर केशरी कपड्यातला मार्शल. "सार, ओके?" ओके होतो. त्याने गाडीला मागून एक धक्का दिला, मी हळूच पिटमध्ये आलो, पाणी प्यालो. बस्स. संपूर्ण चुकीचा खर्च एक बाटली पाणी. ताम्हिणीत ह्याच चुकीला एका बाजूला कातळ आहे आणि दुसऱ्या बाजूला दरी. त्या रात्री हॉटेलात मी आजवर घाटात 'थोडक्यात वाचलो' म्हणून रंगवून सांगितलेले किस्से मनात मोजायला घेतले, आणि अकराव्याला थांबलो.

लांब असण्याबद्दल. चाकण आमच्या घरापासून तासाभरावर. तिथे बजाजच्या कारखान्यात केटीएमची आरसी ३९० बनते, जी रेसट्रॅकसाठीच जन्मलेली दिसते. पण ती तिथून निघालेली गाडी नीट चालवून बघायची, तर तिला अकराशे-बाराशे किलोमीटर टेम्पोत घालून तमिळनाडूला न्यायचं. चेन्नईचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवेही जुना. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, छान आहे, पण चेन्नईच्या तोडीचा नाही. आणि वेगवान रस्ते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी बंद, समृद्धीवर बंद, सी-लिंकवर बंद, अटल सेतूवर बंद. शोरूममध्ये दोनशेवर पळणारी गाडी विकायला परवानगी, कर्ज द्यायला बँक उभी, आणि ती चालवायला उरलेली जागा कुठली, तर घाट आणि कर्वे रस्ता. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, बेझेक्की जिंकला, तिकिटांचे सेल्फी पुण्यातही फिरले. २०२४ ची रद्द झाली आणि कोणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. जाहिरातीत चिटुकल्या अक्षरात 'हे कसरतपटूंनी केलं आहे, तुम्ही करू नका' असं लिहून कंपन्या हात झटकतात. सरकार मोटर वाहन कायद्याचं १८९ वं कलम दाखवतं: रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! ट्रॅक-डेच्या फीपेक्षा कायदा स्वस्त.

हे सगळं खरं आहे, आणि आम्ही त्याच्याआड किती आरामात लपतो हेही खरं आहे. पुण्यातून बाइक चढवून लेह-लडाखला जाणाऱ्यांना लांब वाटत नाही. लेहला कोणी वेळ मोजत नाही ना.

ट्रॅक म्हणजे देऊळ नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्याच चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडून गेला. मार्शल होते, रुग्णवाहिका होती, तरी गेला. तेरा वर्षांच्या पोराला त्या वेगाला कोणी सोडावं, ह्यावर भांडायला हवं, आणि मी भांडेनही. शिवाय ट्रॅक-डेलाही नमुने येतातच. आमच्या गटात एक गृहस्थ दिवसभरात दोनच सेशन गाडीवर बसले. बाकी वेळ त्यांचा फोटोग्राफर त्यांना उभ्या गाडीवर वाकवून फोटो काढत होता. एका आयोजकाने मागे एका ठिकाणी नवशिक्यांच्या सेशनला इतक्या गाड्या सोडल्या होत्या, की चांदणी चौक बरा. पण तिथे निदान समोरून दूधवाला येत नव्हता.

दुपारनंतर मी त्या पोराचं ऐकलं. मान वळवली, वळणाच्या शेवटाकडे बघितलं, ब्रेक आणखी थोडा उशिरा. २ मिनिटं ३१ ही त्यानंतरची वेळ आहे. सकाळची मी इथे लिहिणार नाही. पोराचा बाप पिटच्या कठड्याला टेकून मोबाइलवर पोराचे सेकंद मोजत होता. ट्रान्सपॉन्डर असून मोजत होता. मी म्हटलं, "पोरगं भारी चालवतंय." तो म्हणाला, "अजून दीड सेकंद बाकी हाय त्याच्यात," आणि परत मोबाइलकडे बघायला लागला.

पुण्याला परतल्यावर मी त्या कागदाचा फोटो काढून गटावर टाकला. स्वतःच्या नावाखाली लाल रेघ मारून, आर-वन-फाइव्हच्या नावाखालीही मारून. वर लिहिलं: पुढच्या वेळी कोण कोण येतंय? मी एक छोटा ट्रक ठरवतो, सहा गाड्या मावतील.

दोन अंगठे आले. एक हसरा चेहरा आला. मग रात्री साडेअकराला, दूधवाल्याच्या वेळी ज्याच्यासाठी मी चहा पीत गोड बोललो होतो त्याचा मेसेज आला: "ट्रॅकवर काय रे, कोणीपण पळवतो. दम असेल तर घाटात ये. रविवार, साडेपाच, चांदणी चौक."

त्याला सतरा अंगठे होते.