‘शिप’, ‘एयू’, ‘डेड डव्ह’... फॅन फिक्शनचे हे शब्द माहीत नसतील तर काय बिघडतं?

२०२५ मध्ये इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात एक गंमत झाली. काही महिन्यांच्या अंतराने तीन जाडजूड कादंबऱ्या आल्या. ज्युली सोटो यांची ‘रोझ इन चेन्स’, ब्रिजिट नाइटली यांची ‘दि इररेझिस्टिबल अर्ज टू फॉल फॉर युअर एनिमी’ आणि सेनलिन्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ‘अल्केमाइज्ड’. तिन्हींचं मूळ एकच होतं. हॅरी पॉटरमधली हर्मायनी आणि तिचा वैरी ड्रेको मालफॉय यांच्या प्रेमावर चाहत्यांनी इंटरनेटवर फुकट लिहिलेल्या कथा.

पुस्तकांवरचे रील्स भारतातही फिरले. त्याखालच्या कॉमेंट्समध्ये ‘ड्रॅमायनी’, ‘स्लो बर्न’, ‘डेड डव्ह’, ‘पी-टू-पी’ असे शब्द होते. जुने वाचक ते सहज वापरत होते आणि नवे वाचक गोंधळून जात होते.

हे शब्द म्हणजे नुसती टाइमपास भाषा आहे, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे शब्द औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखे आहेत. आत काय आहे, कुणी घ्यावं आणि कुणी लांब राहावं, हे ते सांगतात. चिठ्ठी वाचता आली नाही किंवा ती गळून पडली, की त्रास होतो.

मुळात फॅन फिक्शन म्हणजे काय?

एखादी मालिका, सिनेमा, पुस्तक किंवा कॉमिक आवडलं म्हणून त्यातली पात्रं किंवा ते जग घेऊन चाहत्यांनी लिहिलेली नवी कथा म्हणजे फॅन फिक्शन, थोडक्यात ‘फिक’. एकाच गोष्टीच्या चाहत्यांच्या समूहाला ‘फँडम’ म्हणतात.

हा प्रकार इंटरनेटच्या आधीचा आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्येच ‘स्पॉकनेलिया’ नावाचं चाहत्यांचं मासिक निघालं. पुढे या कथा वेबसाइट्सवर आल्या. १९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ सुरू झाली. २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सर्वांसाठी खुलं झालं. चाहते त्याला ‘एओथ्री’ म्हणतात. जाहिराती नसलेली, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालणारी ही साइट आहे. २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

भारतातही हे नवं नाही. २०११ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या ‘इस प्यार को क्या नाम दूँ?’ या मालिकेतल्या अर्णव आणि खुशीवर चाहत्यांनी इतकं लिहिलं, की ‘अर्शी’ हे त्यांचं जोडनाव मालिका संपल्यावरही टिकून राहिलं.

शिप, ओटीपी आणि तिरकी रेघ

दोन पात्रांची जोडी जमावी असं वाटणं म्हणजे ‘शिप’ करणं. याचा जहाजाशी काही संबंध नाही. ‘रिलेशनशिप’ या शब्दाचं हे शेपूट आहे. नव्वदच्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’मधल्या मल्डर आणि स्कली यांनी प्रेमात पडावं असं वाटणारे चाहते स्वतःला ‘रिलेशनशिपर’ म्हणवायचे. त्याचं पुढे ‘शिपर’ झालं.

‘ओटीपी’ दिसला की बँकेचा मेसेज आठवतो, पण इथे त्याचा अर्थ ‘वन ट्रू पेअरिंग’, म्हणजे सगळ्यात लाडकी जोडी. जी जोडी अजिबात सहन होत नाही ती ‘नोटीपी’.

जोडीच्या नावांमधलं चिन्हही महत्त्वाचं. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर कथेत प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध आहे. तिथे ‘आणि’चं चिन्ह असेल तर मैत्री किंवा नात्यागोत्याची कथा आहे. ही पद्धत सत्तरच्या दशकात ‘स्टार ट्रेक’च्या कर्क/स्पॉक कथांपासून रूढ झाली. म्हणूनच दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथांना आजही ‘स्लॅश’ म्हणतात. भावा-बहिणीच्या मायेची गोष्ट शोधणाऱ्याला ही रेघ वाचता आली नाही, तर तो भलत्याच कथेत जाऊन पोहोचतो.

कॅनन, हेडकॅनन, एयू: मूळ कथेपासून किती लांब?

मूळ लेखकाने किंवा दिग्दर्शकाने जे दाखवलं ते ‘कॅनन’. हा शब्द मूळचा धर्मग्रंथांच्या अभ्यासातला. शेरलॉक होम्सच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो गमतीने कथांना लावला आणि तो तिथेच रुळला.

बाकीचे शब्द ओळखीच्या उदाहरणाने चटकन समजतात. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ घ्या. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात, संसार थाटतात आणि शेवटी त्यांचा खून होतो. हे झालं कॅनन.

आता समजा कुणी लिहिलं, की आर्ची हैदराबादहून आईला रोज चिठ्ठी लिहायची आणि फाडून टाकायची. सिनेमात हे नाही, पण त्या चाहत्याच्या मनात पक्कं आहे. हे ‘हेडकॅनन’. तीच कल्पना शेकडो जणांनी उचलली आणि सिनेमात होतीच असं सगळ्यांना वाटू लागलं, तर ती ‘फॅनॉन’.

शेवटच्या दिवशी शेजारीण वेळेवर आली आणि दोघं वाचली, अशी कथा म्हणजे ‘फिक्स-इट’. दोघं पुण्यातल्या कॉलेजात भेटतात आणि गावाचा संबंधच नाही, ही ‘एयू’, म्हणजे ‘आल्टर्नेट युनिव्हर्स’. पात्रं तीच, जग वेगळं. त्यात आर्ची बुलेटला घाबरणारी दाखवली तर वाचक ‘ओओसी’ म्हणतील. ‘आउट ऑफ कॅरेक्टर’, पात्राला न शोभणारं. आणि लेखकाने स्वतःचं नवं पात्र घुसवलं तर ते ‘ओसी’, ‘ओरिजिनल कॅरेक्टर’.

हे नवं पात्र अतिसुंदर, अतिहुशार आणि सगळ्यांचं लाडकं असेल तर त्याला ‘मेरी स्यू’ म्हणतात. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांची थट्टा करणारी छोटी कथा लिहिली होती. तिच्यातल्या साडेपंधरा वर्षांच्या लेफ्टनंटचं हे नाव. पुढे कुठल्याही कर्तबगार स्त्री पात्राला हिणवण्यासाठी ते वापरलं जाऊ लागलं, त्यामुळे आता त्यावर वादही होतात.

फ्लफ की अँग्स्ट?

कथेचा मूड सांगणारे शब्द वेगळे. गोडगोड, कुणालाही काही न होणारी कथा म्हणजे ‘फ्लफ’. मनाची घालमेल, दुःख, विरह असेल तर ‘अँग्स्ट’. एकाला जखम, दुसऱ्याने सेवा, असा ऐवज ‘हर्ट/कम्फर्ट’मध्ये असतो. इथली तिरकी रेघ मात्र जोडीची नाही. पन्नास प्रकरणं होऊनही नायक-नायिकेचा हातात हात आलेला नसेल तर ती ‘स्लो बर्न’.

एका बैठकीत संपणारी कथा ‘वनशॉट’, नेमकी १०० शब्दांची कथा ‘ड्रॅबल’, अजून अर्धवट असलेली ‘डब्ल्यूआयपी’, म्हणजे ‘वर्क इन प्रोग्रेस’. प्रसिद्ध करण्याआधी कथा वाचून चुका दाखवणारा ‘बीटा रीडर’. आणि ‘वाय/एन’ म्हणजे ‘युअर नेम’. तिथे वाचकाने स्वतःचं नाव घालून नायिका व्हायचं.

सगळ्यात महत्त्वाचे शब्द: इशारे

एओथ्रीवर कथेला वयानुसार रेटिंग असतं. ‘जनरल’, ‘टीन’, ‘मॅच्युअर’ आणि ‘एक्सप्लिसिट’, किंवा लेखकाने रेटिंग दिलेलंच नसतं. त्याशिवाय चार ठरलेले इशारे आहेत: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा संमतीशिवायचा संबंध, आणि अल्पवयीन पात्रांचा लैंगिक संबंध.

नवे वाचक नेमके इथे फसतात. ‘कोणताही इशारा लागू नाही’ आणि ‘लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे’ हे दोन पर्याय वाचायला सारखे वाटतात, पण अर्थ उलट आहेत. पहिल्याचा अर्थ, यातलं काहीही कथेत नाही. दुसऱ्याचा अर्थ, यातलं काहीही असू शकतं, वाचायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर.

‘डेड डव्ह: डू नॉट ईट’ हा टॅगही असाच. ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या विनोदी मालिकेत फ्रीजमधल्या एका पिशवीवर ‘मेलेलं कबूतर, खाऊ नका’ असं लिहिलेलं असतं. पिशवी उघडल्यावर आत खरंच मेलेलं कबूतर निघतं. टॅगचा अर्थ तोच: वर जे लिहिलंय तेच आत आहे, नंतर तक्रार करू नका. त्याच्याच जोडीला ‘डोन्ट लाइक, डोन्ट रीड’ हा जुना नियम आहे. आवडत नसेल तर वाचू नका.

म्हणजे हा एक करार आहे. लेखकाने आत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगायचं आणि वाचकाने ते वाचूनच आत जायचं.

हा करार मोडला की काय होतं?

२००७ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या ब्लॉगिंग साइटने सुमारे ५०० खाती अचानक बंद केली. प्रोफाइलमध्ये आवडीचे विषय म्हणून लिहिलेल्या शब्दांवरून ही कारवाई झाली. त्यात फॅन फिक्शनचे गट होतेच, पण लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचे आधारगटही सापडले. शब्द कशासाठी वापरलाय हे कुणी पाहिलंच नव्हतं. चाहत्यांची स्वतःची, त्यांच्याच नियमांनी चालणारी जागा हवी ही मागणी त्याच वर्षी जोर धरत होती. या घटनेने ती पक्की झाली.

२०२० मध्ये चीनमध्ये याहून मोठा भडका उडाला. ‘द अनटेम्ड’ या मालिकेमुळे लोकप्रिय झालेल्या शाओ झान या अभिनेत्यावर कुणीतरी एक कथा लिहिली. खऱ्या व्यक्तींवरच्या अशा कथांना ‘आरपीएफ’ म्हणजे ‘रिअल पर्सन फिक्शन’ म्हणतात. त्या कथेत अभिनेत्याला ज्या रूपात दाखवलं होतं, ते त्याच्या काही चाहत्यांना अपमानास्पद वाटलं. त्यांनी मोठ्या संख्येने तक्रारी केल्या. फेब्रुवारी संपेपर्यंत चीनमध्ये एओथ्री बंद झालं. चिडलेल्या वाचकांनी मग शाओ झान ज्या ब्रँड्सची जाहिरात करायचा, त्यांच्यावरच बहिष्काराची मोहीम उघडली. ज्याने ना कथा लिहिली ना तक्रार केली, त्यालाच सगळ्यात जास्त झळ बसली.

पुस्तक झालं की चिठ्ठीचं काय होतं?

फुकट वाचायला दिलेली फिक काढून घेऊन, नावं बदलून, पुस्तक म्हणून विकणं म्हणजे ‘पुल्ड टू पब्लिश’, थोडक्यात ‘पी-टू-पी’. ई. एल. जेम्स यांचं ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ मुळात ‘ट्वायलाइट’ची फिक होती. ॲना टॉड यांची ‘आफ्टर’ वॉटपॅडवर वन डायरेक्शन या बँडच्या हॅरी स्टाइल्सवर लिहिलेली होती.

‘अल्केमाइज्ड’ची मूळ कथा ‘मॅनकल्ड’. युद्ध, कैद आणि लैंगिक हिंसा असलेली ही कथा एओथ्रीवर इशाऱ्यांसह होती. ती इतकी गाजली, की लोक तिच्या प्रती छापून, बांधून ऑनलाइन विकू लागले. फिकमध्ये पैसा आला की मूळ हक्कदाराच्या कायदेशीर कारवाईची भीती लेखकाला असते, विकणारा नामानिराळा राहतो. २०२४ संपताना ‘मॅनकल्ड’ एओथ्रीवरून हटवण्यात आली आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये नव्या पात्रांसह ‘अल्केमाइज्ड’ आली.

लेखकाला मोबदला मिळाला, हे चांगलंच झालं. पण अशी कथा जेव्हा रील्समधून फिरते, तेव्हा दोन वैरी प्रेमात पडतात एवढंच तीस सेकंदांत कळतं. एओथ्रीवर कथेच्या माथ्यावर जे इशारे दिसतात, ते रीलमध्ये नसतात. चौदा वर्षांची मुलगी रील पाहून पुस्तक मागवते, तेव्हा तिच्या हातात काय पडणार आहे हे तिला आणि तिच्या घरच्यांना कोण सांगणार?

२०२५ मध्येच आणखी एक प्रकार घडला. एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख कथा गोळा करून, एआयच्या प्रशिक्षणासाठी म्हणून ‘हगिंग फेस’ या साइटवर टाकण्यात आल्या. हरकत घेतल्यावर तिथून त्या हटवल्या गेल्या. पण तेव्हापासून अनेक लेखकांनी कथा फक्त नोंदणी केलेल्या सदस्यांनाच दिसतील अशी कुलपं लावली. ‘आर्काइव्ह-लॉक्ड’ दिसलं, तर त्यामागचं कारण हे असू शकतं.

नव्याने वाचणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

कथा उघडण्याआधी रेटिंग, इशारे आणि टॅग या क्रमाने वाचा. ‘इशारे न देण्याचं ठरवलं’ असेल तर जपून. न कळलेला टॅग आधी शोधा, मग पुढे जा.

आरपीएफ वाचत असाल तर ती अभिनेत्याला, गायकाला किंवा खेळाडूला टॅग करून पाठवू नका. ती त्यांच्यासाठी लिहिलेली नसते.

दुसऱ्याची फिक न विचारता कुठल्या ॲपवर टाकणं, तिचा अनुवाद करणं किंवा छापून विकणं टाळा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फॅन फिक्शनसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. त्यामुळे स्वतःची फिक विकण्याआधीही विचार करा.

आणि कथा आवडली नाही तर मागे फिरा. कथेच्या माथ्यावर लिहिणाऱ्याने आपलं काम केलेलं असतं, ते वाचणं एवढंच वाचकाकडे उरतं.