वाड्यामागच्या इमारती

गेल्या वर्षी नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एका जुन्या भाटकारांचे घर पाहावयास गेलो होतो. चौकीचे ते भव्य घर पाहून मुले हरखून गेली. राजांगणातील तुळशीवृंदावन, नक्षीदार खांब, दिवाणखान्यातील झुंबरे यांची वर्णने त्यांनी वह्यांत उतरवून घेतली. घरामागे भाताचे कोठार, गोठा आणि गडीमाणसांच्या दोन खोल्या होत्या. तिकडे एकही विद्यार्थी वळला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्ही शिक्षकांनीही त्यांना तिकडे वळविले नाही. यंदा पुन्हा गेलो, तेव्हा कोठार पाडलेले होते. त्याची लांबीरुंदी कोणी मोजून ठेवली नव्हती, छायाचित्र कोणी घेतले नव्हते. त्यात किती खंडी भात मावत असे, हे सांगणारेही कोणी उरले नव्हते.

त्या दिवसापासून एक मत आमच्या मनात दृढ झाले आहे. श्रीमंतांच्या वास्तूचा खरा इतिहास दिवाणखान्यात नसतो. तो आवारातील दुय्यम इमारतींत असतो. म्हणून जतन करावयाचे झाल्यास या इमारतींचा विचार प्रासादाच्या बरोबरीने व्हावयास हवा. एका खेड्यातील कोठारावरून एवढे मोठे विधान करणे कोणास धाडसाचे वाटेल. यास्तव जगप्रसिद्ध अशा एका उद्योगपतीचे उदाहरण घेऊ. ते म्हणजे अमेरिकेतील मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड.

फोर्ड यांचा जन्म १८६३ साली मिशिगन राज्यातील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांच्या कीर्तीचा आरंभ मात्र एका खोपटात झाला. डेट्रॉइट शहरातील बॅग्ली अॅव्हेन्यू या रस्त्यावर ते भाड्याच्या घरात राहत असत. घरामागे कोळसा ठेवण्याची विटांची लहानशी खोली होती. दिवसा विजेच्या कंपनीत नोकरी करावी आणि रात्री या खोलीत खटपट करावी, असा त्यांचा क्रम होता. जून १८९६ मध्ये त्यांची पहिली चारचाकी गाडी तयार झाली. परंतु ती बाहेर काढावयाची वेळ आली, तेव्हा खोलीचे दार अरुंद असल्याचे ध्यानात आले! तेव्हा कुऱ्हाड घेऊन भिंत फोडण्यात आली आणि गाडी रस्त्यावर आली. पुढे १९०८ ते १९२७ या काळात त्यांच्या ‘मॉडेल टी’ या एकाच नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक मोटारी निघाल्या. त्या सर्वांचे मूळ या फुटक्या भिंतीत आहे.

त्या खोलीचे पुढे काय झाले? ती राहिली नाही. १९२६ साली त्या जागी एक भव्य नाट्यगृह उभे राहिले आणि १९७७ साली त्या नाट्यगृहाचाही मोटारी ठेवण्याचा तळ झाला. दैवाचा खेळ असा की, जेथे पहिली गाडी जन्मली तेथेच आता मोटारी विसावतात! फोर्ड यांनी डिअरबॉर्न येथे जुन्या वास्तूंचे एक संग्रहग्राम वसविले. त्यात या खोलीची प्रतिकृती उभारलेली आहे. म्हणजे अपार संपत्ती मिळविलेल्या पुरुषालाही आपला इतिहास सांगावयाचा झाला, तेव्हा कोळशाची खोली आठवली. परंतु तोवर मूळ खोली हातची गेली होती. प्रतिकृती पाहून माहिती मिळते. मूळ वास्तूच्या भिंतीला हात लावण्याचे समाधान मात्र मिळत नाही.

आता त्यांच्या वैभवकाळाकडे वळू. डिअरबॉर्न येथेच रूज नदीच्या काठी, सुमारे १,३०० एकरांच्या आवारात, फोर्ड यांनी ‘फेअर लेन’ नावाचा छप्पन्न खोल्यांचा प्रासाद बांधला. १९१५ साली तो पुरा झाला. या आवारात काय नव्हते? फाटकावरील पहारेकऱ्याचे घर होते, नोकरांची घरे होती, तट्टांचा तबेला होता, रोपे वाढविण्याचे काचगृह होते, कंदमुळे साठविण्याचे तळघर होते, मेपलच्या रसापासून साखर करण्याची झोपडी होती. इतकेच काय, पक्ष्यांसाठी सुमारे पाचशे घरटीही होती. या सर्वांत महत्त्वाची इमारत म्हणजे वीजघर. नदीवर बांध घालून पाण्याच्या जोरावर तेथे वीज निर्माण केली जाई. त्याची कोनशिला १९१४ साली फोर्ड यांचे मित्र व थोर संशोधक थॉमस एडिसन यांनी बसविली. वीजघरापासून प्रासादापर्यंत सुमारे तीनशे फूट लांबीचा भुयारी मार्ग होता. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यास यातील काहीच दिसत नसे. त्याला दिसे तो केवळ प्रकाश.

एप्रिल १९४७ मध्ये रूज नदीला पूर आला आणि पाणी वीजघरात शिरले. प्रासादातील दिवे विझले, उष्णता देणारी व्यवस्था थांबली, दूरध्वनीही बंद पडला. ७ एप्रिलच्या त्या रात्री वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी फोर्ड यांचे देहावसान झाले. जगाला यंत्रयुगात ओढून आणणाऱ्या या पुरुषाच्या उशाशी अखेरच्या क्षणी मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते. प्रासादाची एक वीटही ढळलेली नव्हती. नदीकाठची एक दुय्यम इमारत तेवढी निकामी झाली होती. कोण कोणाच्या आधारावर उभे असते, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणता ग्रंथ सांगेल?

या इमारती आणखी एक गोष्ट सांगतात. ती ऐकावयास अधिक अवघड आहे. वीजघराची कोनशिला ज्या वर्षी बसली, त्याच वर्षी फोर्ड यांनी कामगारांना दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. मजुरी जवळजवळ दुप्पट झाली आणि कामाचे तास नवावरून आठावर आले. या औदार्याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. परंतु त्याच नदीच्या काठी, काही मैलांवरील त्यांच्या कारखान्यावर, मंदीच्या काळात म्हणजे ७ मार्च १९३२ रोजी बेकार कामगारांचा मोर्चा गेला. पोलिसांनी आणि कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी त्यावर गोळ्या झाडल्या. चार जण ठार झाले आणि पाचवा पुढे दगावला. एकीकडे पक्ष्यांसाठी बांधलेली घरटी आणि दुसरीकडे काम मागणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्या, ही दोन्ही एकाच नदीच्या काठची चित्रे होत. केवळ दिवाणखाना जपला, तर आपण एका माणसाची कीर्ती जपतो. नोकरांची घरे, तबेला, वीजघर जपले, तर राबणाऱ्यांची आठवणही जपली जाते. त्यांचे तैलचित्र कोणत्याही भिंतीवर नसते.

यावर दोन आक्षेप येतील. श्रीमंतांचे तबेले सांभाळण्यात पैसा का घालवावा, हा पहिला. जागेचा उपयोग लोकांसाठी का करू नये, हा दुसरा. दुसरा आक्षेप आम्हां शिक्षकांना विशेष विचारात पाडतो. कारण फेअर लेनच्या आवारातील दोनशेहून अधिक एकर जमीन मिशिगन विद्यापीठाला देण्यात आली आणि १९५९ साली तेथे शिक्षणसंस्था सुरू झाली. शाळा-महाविद्यालये उभी राहत असतील, तर जुने तबेले खुशाल जावोत, असे प्रथमदर्शनी आम्हांलाही वाटते. परंतु तेथे प्रासाद आणि वीजघर राखूनच विद्यादान सुरू झाले. १९६६ साली ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. तेव्हा जुने आणि नवे यांत वैरच असले पाहिजे, असे नाही. पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर असे की, प्रत्येक इमारत राखणे शक्य नाही, हे आम्ही मानतो. परंतु पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप घेणे, नकाशा काढणे, तेथे राबलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवणे, यास खर्च तो किती? एक फूटपट्टी, एक वही आणि थोडी आस्था एवढे पुरे.

विद्यार्थिमित्रहो, ही आस्था तुमच्यापाशी आहे, असा आमचा विश्वास आहे. पुढील सुटीत आपल्या गावातील जुने घर पाहावयास जाल, तेव्हा यजमानांची अनुमती घेऊन एकदा मागील दाराने बाहेर पडा. गोठ्याची लांबी मोजा. कोठाराचे चित्र काढा. तेथे कोण राबत होते, त्यांची नावे विचारा आणि ती लिहून घ्या. भाटकारांचे नाव कागदोपत्री राहीलच. गड्याचे नाव तुम्ही लिहिले तरच राहील. त्या पाडलेल्या कोठाराबाबत आमच्याकडून जी चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये, एवढीच इच्छा.