पेशीतील वाहतूक आणि क्षयाचा जंतू

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. मध्यभागी केंद्रक, भोवती पेशीद्रव्य, त्यात आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्या, गॉल्गी संकुलाचे थर आणि लयकारिकांचे बारीक ठिपके. विद्यार्थी ती काढतो, नावे देतो, गुण मिळवतो आणि परीक्षा संपताच विसरतो. आकृती चुकीची नसते. परंतु ती स्थिर असते. सक्करदऱ्याचा नकाशा समोर धरला तर तलाव कोठे, उमरेड मार्ग कोठे, आयुर्वेद महाविद्यालय कोठे, हे समजते. पण तेथील बुधवार बाजारात कोणता माल कोठून येतो, कोणाच्या हाती जातो आणि वाट अडली तर कोणाचे नुकसान होते, हे नकाशावरून कळत नाही. पेशीचेही तसेच आहे. तिचे जीवन तिच्या अवयवांत जितके आहे, तितकेच त्या अवयवांमधील अखंड देवघेवीत आहे.

ही देवघेव पटलांच्या द्वारे चालते. आंतर्द्रव्यजालिकेवर तयार झालेले प्रथिन पटलाच्याच एका सूक्ष्म पुटिकेत बंद होऊन गॉल्गी संकुलाकडे जाते. तेथे त्यावर संस्कार होतात आणि दुसऱ्या पुटिकेतून ते पुढच्या मुक्कामी रवाना होते. पेशीतील तंतूंच्या मार्गांवरून चालक प्रथिने या पुटिका ओढून नेतात आणि नियोजित ठिकाणी पुटिकेचे पटल तेथील पटलात विलीन होते. स्वादुपिंडातील इन्सुलीन रक्तात उतरते ते याच वाटेने. उलट दिशेचीही वाहतूक असते. बाहेरचे पदार्थ पटलाच्या खिशात घेऊन पेशी आत ओढते आणि त्यांतील पुष्कळसे लयकारिकांच्या स्वाधीन करते. लयकारिकेतील आम्ल आणि पाचक द्रव्ये त्यांचे विघटन करतात.

हे ज्ञान एका दिवसात हाती आलेले नाही. १९५५ मध्ये द दूव्ह यांनी लयकारिकेला नाव दिले. पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रथिनांचा पेशीतील प्रवासमार्ग दाखवला. क्लोद यांच्यासह या दोघांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शेकमन यांनी साध्या यीस्टवर प्रयोग करून ही वाहतूक ज्यांच्यावाचून अडते अशा वीसहून अधिक जनुकांचा शोध घेतला. रॉथमन यांनी पुटिका आणि पटल एकमेकांना कसे ओळखतात हे उलगडले. चेतापेशींतून संदेशद्रव्य नेमक्या क्षणी कसे बाहेर पडते हे स्यूडहोफ यांनी स्पष्ट केले. या तिघांचा गौरव २०१३ मध्ये झाला. १९८० च्या सुमारास यीस्टच्या पेशीत पुटिका का साचल्या हे शोधणाऱ्या माणसाला ‘याचा उपयोग काय?’ असे कोणी विचारले असते, तर तत्काळ उत्तर देणे त्याला जड गेले असते.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या दाराशीच आहे. सक्करदऱ्याहून नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘मेडिकल’, फार दूर नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या दारी विदर्भातील आणि शेजारच्या प्रांतांतील रोगी येतात आणि त्यांत क्षयरोगी असतातच. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. २०२५ अखेर या रोगाचे निर्मूलन करण्याचा संकल्प देशाने २०१८ मध्ये सोडला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे दरवर्षी २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ पर्यंत १८७ वर आले. ही घट उपेक्षणीय नाही. परंतु तिला निर्मूलन म्हणता येणार नाही.

हा जंतू इतका चिवट का? त्याला गिळण्यासाठी शरीराने ज्या भक्षक पेशी नेमल्या आहेत, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. भक्षक पेशी त्याला पटलाच्या पुटिकेत घेते. नियमाप्रमाणे ती पुटिका लयकारिकेपर्यंत जावी, दोघींची पटले एक व्हावीत आणि जंतूचा निकाल लागावा. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की मेलेल्या जंतूंच्या बाबतीत असे मीलन घडते, पण जंतू जिवंत असेल तर ते बहुतेक वेळा होतच नाही. पुटिकेला ‘पुढे चल’ असा इशारा देणारी जी प्रथिने पटलावर यावयास हवीत, ती तो येऊ देत नाही, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. काही जंतू पुटिकेचे पटल फोडून पेशीद्रव्यात शिरतात, असेही पुढे आढळले. म्हणजे पेशीतील वाहतुकीची खडान्‌खडा माहिती या जंतूला आहे आणि तो तिच्याच जोरावर जगतो. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालवावा लागतो, यामागील कारणांत त्याची ही दडून राहण्याची शक्तीही आहे.

या विषयातील महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी गिळावयास लावले आणि ते मणी ज्या पुटिकांत होते त्यांच्या हालचाली टिपल्या. नव्या पुटिका मागेपुढे घुटमळतात. जुन्या होताच त्या सरळ लयकारिकांच्या दिशेने निघतात. असे का व्हावे? डायनीन हे चालक प्रथिन एकेकटे फार दुर्बळ. परंतु पुटिका जुनी होत जाते तसे तिच्या पटलावर मेदाचे लहान लहान पट्टे तयार होतात, त्यांवर डायनीनचे रेणू घोळक्याने गोळा होतात आणि सर्व मिळून एकाच तंतूवरून जोर लावतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली. काळा आजाराच्या परजीवीच्या अंगावरील एक मेदयुक्त शर्करा नेमका हाच घोळका मोडते आणि पुटिका जागीच रेंगाळते. क्षयाच्या जंतूचे डावपेच तंतोतंत असेच आहेत, असे यावरून म्हणता येत नाही. परंतु वाट अडवणाऱ्या इतर जंतूंकडे पाहण्याची एक नवी दृष्टी त्यातून मिळाली आहे.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नव्हे. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली, ती या देशातील पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकी एक. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बाहेरून उपकरणे येईपर्यंत हात जोडून बसण्याची वृत्ती त्या पिढीपाशी नव्हती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. क्षय हा दाटीवाटीच्या खोल्यांचा आणि अर्धपोटी राहण्याचा रोग आहे. त्यावर अन्न हवे, हवेशीर घर हवे, पेशीतील पुटिकांचा अभ्यास ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. यातील पहिला भाग निर्विवाद सत्य आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्षयरोग्यांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रोग्याला पोषणासाठी मिळणारी मासिक मदत ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, ती योग्यच झाली. परंतु शिधा आणि संशोधन यांना एकमेकांचे शत्रू ठरविणे हा निव्वळ तर्कदोष आहे. शिध्याने रोग होण्याचे टळते. पेशीत दडून बसलेल्या जंतूला हुडकण्यासाठी पेशीचे ज्ञानच लागते. श्रीमंत देशांत हा रोग विरळ झाला आहे. ज्यांच्या घरात तो आहे त्यांनीच त्याच्या अभ्यासाकडे पाठ फिरवली, तर तो दुसऱ्या कोणी करावा?

पेशीची अडलेली वाहतूक पुन्हा सुरू करून तिच्याकडूनच जंतूचा नाश घडवावा, ही कल्पना प्रयोगशाळेत शक्य कोटीतील ठरली आहे. पेशीची स्वतःचा कचरा पचविण्याची क्रिया उत्तेजित केली तर भक्षक पेशीतील क्षयजंतू घटतात, असे २००४ मध्ये दिसून आले. रुग्णशय्येपर्यंत यायला या कल्पनेला अद्याप बराच पल्ला गाठावयाचा आहे आणि तोपर्यंत ठरलेली औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत घेणे याला पर्याय नाही. हा पल्ला कमी व्हावयाचा असेल तर संशोधनाला मिळणारे अनुदान वेळेवर आणि सलग मिळाले पाहिजे. प्रयोगासाठी जोपासलेल्या पेशी मंजुरीच्या कागदाची वाट पाहत जिवंत राहत नाहीत.

नागपुरात १९२३ पासून विद्यापीठ आहे, मेडिकल आहे, आता अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. या संस्थांनी चांगले सूक्ष्मदर्शक परस्परांच्या विद्यार्थ्यांना खुले करावेत; क्षयाचे रोगी पाहणारे डॉक्टर आणि पेशी शिकविणारे प्राध्यापक यांनी महिन्यातून एकदा तरी एका खोलीत बसावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. शिक्षकांचे काम त्याहून सोपे आणि त्याहून महत्त्वाचे आहे. फळ्यावर पेशीची आकृती काढून झाली की लयकारिकेच्या ठिपक्यापासून पटलापर्यंत एक बाण काढावा आणि वर्गाला विचारावे की ही वाट अडली तर काय होईल. सक्करदऱ्यातील एखाद्या वर्गात त्या प्रश्नाने एकाच विद्यार्थ्याची झोप उडाली, तरी मेडिकलच्या दारी उभ्या असलेल्या रोग्याच्या दृष्टीने ती लहान गोष्ट ठरणार नाही.