बयाणा देण्याआधी ब्रेक विचारा

आपल्या भागात साधी म्हैस घ्यायची म्हटली तरी माणूस तिचे दात पाहतो, दोन वेळची धार काढून पाहतो, गावातल्या चार जाणत्यांना विचारतो आणि मगच दावे हातात घेतो. तोच माणूस पन्नास लाखांची मोटार मात्र न पाहता, न चालवता, मोबाईलवरचे फोटो बघून बुक करतो, हा अलीकडचा नवलाचा प्रकार आहे.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली. किंमत ५२ लाख ९९ हजार, पहिल्या खेपेच्या गाड्या १५०. त्या हातोहात बुक झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली. किंमत ४९ लाख ९९ हजार, गाड्या फक्त १००. किंमत जाहीर होण्याआधीच त्यांचे बुकिंग संपले होते. या समूहाचा मोठा कारखाना आपल्याच जिल्ह्यात चाकणला असला तरी या दोन्ही गाड्या परदेशातून तयार होऊन येतात. म्हणजे ब्रेक कंपनी देईल तोच घ्यायचा. त्याहून महागड्या काही जर्मन गाड्यांत मात्र ऑर्डरच्या कागदावर ब्रेक निवडता येतो, आणि खरी गल्लत तिथेच होते.

इंदापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरातला तरुण गेल्या हंगामात असाच कागद घेऊन आला. घरची बागायत, पुण्यात कंत्राटी कामे, पैशाची ददात नाही. म्हणाला, "चाचा, मोजक्याच गाड्या येणार आहेत. सिरॅमिक ब्रेक घेऊ का? त्याला पिवळे कॅलिपर येतात." मी त्याला विचारले, "गाडी कुठे चालवणार?" तो म्हणाला, "बारामती, भिगवण, पुणे. वर्षातून एकदा महाबळेश्वर." माझ्या मते त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच या एका वाक्यात होते.

थोडे समजून घेऊ. ब्रेकचे काम एकच, गाडीच्या वेगाची उष्णता करून ती हवेत सोडून देणे. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. चांगल्या टायरची गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला ब्रेक दाबल्यापासून साधारण १७ मीटरमध्ये थांबते. १२० च्या वेगाला तिलाच जवळपास ७० मीटर लागतात. शिवाय डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात १२० च्या वेगाने ३३ मीटर संपलेले असतात. एकूण शंभर मीटरच्या वर हिशेब गेला. भवानीनगर किंवा निमगाव केतकीकडच्या रस्त्यावर हंगामात रात्री उसाची ट्रॉली उभी असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ती शंभर मीटरवरून दिसेलच याची खात्री कोण देणार?

यावर तरुण मंडळी म्हणतात, म्हणूनच तर मोठा ब्रेक हवा. इथेच समज चुकीचा आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. आजच्या चांगल्या गाडीचा साधा लोखंडी डिस्कही एका दाबात चाक जाम करण्याइतका समर्थ असतो. चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून एबीएस असते आणि एप्रिल २०१९ पासून ते सर्व नव्या मोटारींना सक्तीचे आहे. मोठ्या डिस्कचा उपयोग होतो तो पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारावा लागतो तेव्हा. शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा लांब घाटाच्या उतारावर लहान डिस्क तापतो, पॅडची पकड सुटते आणि पाय खाली जातो. बारामती आणि इंदापूर हा सपाट मुलूख. सासवडवरून पुण्याला उतरताना दिवे घाट लागतो तेवढाच. तो गिअरमध्ये गाडी ठेवून उतरला तर लोखंडी डिस्कला काहीच जड जात नाही.

सिरॅमिक डिस्क वाईट असतो असे मी म्हणत नाही. पोर्शे कंपनीने २००१ च्या सुमारास तो रस्त्यावरच्या गाड्यांत आणला. वजनाला तो लोखंडाच्या निम्म्याने हलका, गंजत नाही आणि ट्रॅकवर तापूनही पकड सोडत नाही. पण त्याची किंमत कित्येक लाखांत जाते. चाक काढताना अननुभवी हाताने रिम आपटली तर त्याची कड उडते. खडी उडणाऱ्या रस्त्यावर तो धोका आणखी वाढतो. लोखंडी डिस्क खराब झाला तर माणूस हळहळतो आणि बदलतो. सिरॅमिक डिस्क खराब झाला की बदलणे पुढे ढकलतो. महागडा पण खराब ब्रेक घेऊन फिरणारी गाडी स्वस्त आणि धड ब्रेकच्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दुसरी गोष्ट चाकाची. डिस्क मोठा केला की त्याला सामावणारी रिम मोठी लागते. रिम वाढली की टायरची भिंत उतरते. तसा टायर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शोभतो, पण गावातल्या खड्ड्याला आणि बेहिशेबी गतिरोधकाला त्याची रिम वाकते. म्हणून माझे मत असे की, जो डिस्क सर्वांत लहान रिममध्ये बसतो तोच आपल्या रस्त्याला चांगला. वाचलेले पैसे उत्तम टायरमध्ये आणि पॅडच्या एका जास्तीच्या सेटमध्ये घालावेत.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची, आणि आपल्या व्यवसायातल्या लोकांना ती सर्वांत जवळची. आपल्या जिल्ह्यातल्या रांजणगावला फियाटची अबार्थ पुन्तो तयार होत असे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क. गाडी झकास होती, पण २०१९ मध्ये फियाटने भारतातील मोटारींची विक्री थांबवली. मोजक्या संख्येत निघालेल्या गाडीचे असेच असते. कंपनीचा उत्साह संपतो, मालकाची गरज संपत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारावे, या गाडीचे पॅड आणि डिस्क कंपनीच्या आणखी कोणत्या चालू मॉडेलला बसतात? बसत असतील तर दहा वर्षे चिंता नाही. नसतील तर दोन सेट गाडीबरोबरच मागवावेत.

प्रमाण कसे राखावे याचा धडा घ्यायला फार लांब जायला नको. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल तयार होते. डिसेंबर २०२३ मध्ये ती ४ लाख १० हजारांना बाजारात आली. एप्रिलिया हे शर्यतीतले नाव. शोभेसाठी पुढे दोन डिस्क लावणे तिला अवघड नव्हते. पण १७५ किलोच्या गाडीला पुढे ३२० मिलिमीटरचा एकच डिस्क, मागे २२० चा आणि दोन्ही चाकांना एबीएस एवढेच दिले. ब्रेकही ब्रेम्बोच्या बायब्रे या लहान-मध्यम गाड्यांसाठीच्या नावाचे. वजन पाहिले, वेग पाहिला आणि लागेल तेवढेच बसवले. कारखानदार जर असा हिशेब करतो तर गिऱ्हाइकाने का करू नये?

काही जण म्हणतील, असल्या गाड्या हौसेच्या असतात, तिथे हिशेब कसला? शिवाय पुढे विकताना सिरॅमिक ब्रेकच्या गाडीला भाव चांगला येतो. हे काही अंशी खरे आहे आणि हौसेला माझा विरोध नाही. वर्षातून चार वेळा चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर सिरॅमिक जरूर घ्या. पण पिवळ्या कॅलिपरची हौस रंगाच्या डब्यातही भागते. ब्रेक हा हौसेचा भाग नव्हे. त्यावर गाडीतल्या चार माणसांचा आणि समोरून सायकलवर येणाऱ्या ऊसतोड मजुराचाही जीव अवलंबून असतो.

गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या धंद्यातील बांधवांनाही दोन शब्द. गिऱ्हाईक स्वस्त मागते म्हणून नकली पॅड खऱ्या डब्यात घालून देणारे बाजारात आहेत. साबण नकली निघाला तर कपडा मळका राहतो, पॅड नकली निघाला तर घर उजाड होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे लागते, कारण ते हवेतले पाणी शोषते आणि तापल्यावर त्याची वाफ होऊन पेडल पोकळ होते. ही गोष्ट गिऱ्हाइकाने विचारली नाही तरी सांगावी. अशाच सांगण्यातून दुकानाची पत वाढते.

त्या तरुणाने शेवटी लोखंडी डिस्क आणि एक नंबर लहान रिम लिहून दिली आणि पॅडचा जादा सेट ऑर्डरच्या कागदावर नोंदवून घेतला. शोरूमवाल्याने तोंड वाकडे केले म्हणे. करू द्या. बयाणा देईपर्यंत गिऱ्हाईक शेठ असतो, दिल्यानंतर तोच अर्जदार होतो. म्हणून जे विचारायचे ते आधी विचारावे आणि मिळालेले उत्तर कागदावर लिहून घ्यावे. इंजिन किती धावते हे शोरूमवाला न विचारता सांगतो. गाडी थांबते कशी, हे आपणच विचारायचे असते.