पुस्तक ते पडदा : मित्राची गोष्ट कोण सांगतो?

स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी साहित्याच्या केंद्रस्थानी क्वचितच आले, म्हणूनच विजय तेंडुलकरांची ‘मित्रा’ ही कथा, तिच्यावरून त्यांनीच रचलेले ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आणि रवी जाधव यांचा ‘मित्रा’ हा लघुपट यांचा एकत्र विचार होणे अगत्याचे आहे. माध्यमांतर, म्हणजे एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नव्याने घडवणे, हे केवळ कथानकाचे स्थलांतर नसते. गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची, हेही त्यात पुन्हा ठरते.

१९८१ मध्ये विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव साकारली. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना सुमित्रा नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते, आणि दोघींना भेटता यावे म्हणून तिचा मित्र बापू आपली खोली देतो. खोली बापूची, निवेदनही बापूचेच. शीर्षकातील श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून निघणारे दोन अर्थ, हेच सुचवतो की ही गोष्ट मित्राची, म्हणजे सुमित्राची, आहे तशीच एका मित्राचीही, म्हणजे बापूचीही, आहे. सुमित्राच्या आत्महत्येनंतर शब्द उरतो तो त्याचाच.

‘बायोस्कोप’ (२०१५) या चित्रपटातील जाधव यांच्या लघुपटाने, संदीप खरे यांच्या कवितेची जोड देऊन, ही कथा कृष्णधवल चित्रणातून १९४७ च्या काळात नेली. देश स्वतंत्र होत असताना वीणा जामकर यांनी उभी केलेली मित्रा मात्र आपले प्रेम उघडपणे बोलू शकत नाही, हा अंतर्विरोध त्यामुळे ठळक झाला. सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभलेली ही कृती घडली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१३ च्या निकालामुळे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पुन्हा पूर्णपणे लागू झालेले होते. प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध त्यातून वगळले गेले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

तरीही या गोष्टीचे कथाकार, नाटककार, दिग्दर्शक आणि कवी सर्व पुरुषच आहेत. त्यांची सहानुभूती खरी आहे. परंतु बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ या ग्रंथात पुरुषांनी रंगवलेल्या स्त्रीचित्राची झडती घेतली होती, आणि तोच निकष येथेही लागू होतो. ताराबाईंच्या जिल्ह्यातील बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर येथील ग्रंथालयांनी ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ ही दोन्ही पुस्तके शेजारी-शेजारी ठेवावीत, आणि या जिल्ह्यातील एखादी मित्रा उद्या स्वतःची गोष्ट लिहू लागली, तर वाचकांनी तिला बापूची खोली शोधायला लावू नये.