एका मैदानाच्या किल्ल्या



रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की हल्ली पुष्कळ घरांत टीव्हीसमोर बैठक जमते. बापलेक मांडी ठोकून इंग्लंडातला फुटबॉल बघत बसतात. दुधाला विरजण लावायला जाता-येता आपणही एक नजर टाकतो. निळे कोण, लाल कोण, काही पत्ता लागत नाही. विचारायला जावं तर "तुला नाही कळायचं" हे उत्तर ठरलेलं! म्हणून आज लोणच्याची बुरशी आणि शर्टाच्या कॉलरचे डाग जरा बाजूला ठेवू आणि त्या निळ्या कपड्यातल्या एका क्लबाची गोष्ट ऐकू. क्लबाचं नाव एव्हर्टन, गाव लिव्हरपूल. एके काळी आपल्याकडच्या कापसाच्या गासड्या ज्या बंदरात उतरायच्या, तेच हे लिव्हरपूल. या गोष्टीत घरभाडं आहे, घरमालकाशी भांडण आहे, गोड खाऊ आहे आणि बायकांचा एक मोठा अपमानही आहे. तेव्हा आपल्याला न कळण्यासारखं त्यात काही नाही.

सुरुवात झाली १८७८ साली, एका देवळातून म्हणा ना. सेंट डोमिंगो नावाच्या चर्चमधली पोरं उन्हाळ्यात क्रिकेट खेळायची. थंडीत ती रिकामी बसू नयेत म्हणून फुटबॉल सुरू झाला. पुढच्याच वर्षी बाहेरचेही खेळाडू येऊ लागले, तेव्हा त्या भागाचं नाव क्लबाला दिलं: एव्हर्टन. आधी सार्वजनिक बागेत खेळायचं, मग इकडे तिकडे, असं करत १८८४ मध्ये अ‍ॅनफील्ड नावाच्या मैदानात बिऱ्हाड थाटलं.

तिथले घरमालक जॉन हाउल्डिंग. धंदा बीअर गाळण्याचा, हात सढळ, क्लबावर मायाही होती. पण मालक तो मालक! क्लबाचा जम बसला, १८८८ मध्ये इंग्लंडातल्या पहिल्या बारा लीग-क्लबांत त्याचा नंबर लागला, १८९१ मध्ये अजिंक्यपदही मिळालं. आणि तोवर भाडं दुपटीच्या वर गेलेलं. शिवाय मैदानावर पेय विकायचं ते हाउल्डिंगसाहेबांचंच. खेळाडूंनी कपडे बदलायचे तेही त्यांच्याच हॉटेलात. भाडेकरूने घर झाडूनपुसून लखलखीत करावं आणि त्याच लखलखाटाकडे बोट दाखवून मालकाने भाडं वाढवावं, हा अनुभव आपल्यापैकी कितीतरी जणींना असेल.

शेवटी १८९२ मध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे जॉर्ज मेहन पुढे झाले. "आपलं आपण बघू" म्हणाले, आणि बहुतेक सगळे त्यांच्यामागून निघाले. बागेच्या पलीकडे एक खाचखळग्यांची पडीक जागा होती. डॉक्टर बॅक्स्टर नावाच्या सभासदाने एक हजार पौंड बिनव्याजी दिले. (असा एखादा नातलग प्रत्येक घराला असावा!) जमीन सपाट झाली, लाकडी बाकं उभी राहिली आणि २४ ऑगस्ट १८९२ ला त्या मैदानाचं उद्घाटन झालं. तेच गुडिसन पार्क. इकडे हाउल्डिंगसाहेबांपाशी मैदान उरलं, पण खेळणारं कोणी नाही. त्यांनी सरळ नवा क्लब काढला. त्याचं नाव लिव्हरपूल. तुमचा मुलगा ज्या लाल कपडेवाल्यांसाठी जागतो, ते हेच बरं का! एका भाड्याच्या भांडणातून निघालेले हे दोन क्लब सव्वाशेहून अधिक वर्षं एकाच बागेच्या दोन बाजूंना नांदले. तिथे एकाच घरात एक भाऊ निळा आणि दुसरा लाल, असंही सर्रास असतं.

एव्हर्टनवाल्यांना लाडाने 'टॉफीज' म्हणतात. त्या भागात मॉली बुशेल नावाच्या बाईने अठराव्या शतकात सुरू केलेली टॉफी फार नावाजलेली होती. सांगतात की क्लब नव्या जागी गेल्यावर बुशेल घराण्याच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा घरातली नात टोपलीभर टॉफी घेऊन मैदानात शिरली आणि प्रेक्षकांत वाटत सुटली. धंद्याची केवढी अक्कल! पुढे खेळाआधी एका मुलीने जुन्या पद्धतीचा पोशाख करून प्रेक्षकांत गोळ्या उधळायच्या, अशी प्रथाच पडली.

मुलांसाठी ही टॉफी घरी करून बघा. दोन वाट्या साखर अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर विरघळवा. पूर्ण विरघळली की अर्धी वाटी लोणी घाला. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कटकन मोडला पाहिजे, तोवर आटवा. चार थेंब लिंबाचा रस घालून तूप लावलेल्या थाळीत ओता आणि कोमट असतानाच सुरीने रेघा मारा. पाक हाताला फार भाजतो, तेव्हा पोरांना चुलीपासून लांब ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावात डिक-कर नावाचा कारखाना होता. एरवी तिथे ट्रामगाड्या व्हायच्या, युद्धात दारूगोळा होऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मुली चेंडू खेळायच्या. त्यातून १९१७ मध्ये त्यांचा संघ उभा राहिला, आणि जखमी सैनिकांसाठी, गरजूंसाठी पैसे गोळा करत गावोगाव खेळू लागला. १९२० च्या नाताळच्या सुट्टीत याच गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, सेंट हेलन्सच्या मुलींशी. प्रेक्षक किती असतील? त्रेपन्न हजार! आणखी हजारो माणसं जागा नाही म्हणून दाराबाहेर राहिली. संघातली मुख्य गोल करणारी मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तेव्हा एरवी मागे राहून बचाव करणारी कप्तान अ‍ॅलिस केल दुसऱ्या डावात स्वतः पुढे गेली आणि तिने तीन गोल केले. सामना ४-० असा जिंकला. दानासाठी तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.

कोणालाही वाटेल, आता या मुलींना डोक्यावर घेतलं असेल. पुरतं वर्षही झालं नाही, तोच ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: हा खेळ बायकांना शोभत नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. दानाच्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, असा ठपकाही ठेवला. हा खेळ स्त्रीच्या प्रकृतीला झेपणारा नाही, असं सांगणारे डॉक्टरही भेटले. गंमत बघा हं, याच बायकांनी युद्धात तोफगोळे तयार केले, तेव्हा प्रकृतीची काळजी कोणाला वाटली नव्हती!

ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती उठली, तोवर दोन पिढ्या सरल्या होत्या. खेळ अगदीच थांबला नाही. डिक-करच्या मुली बागांतून, गावाबाहेरच्या माळांवर खेळतच राहिल्या. पण चांगलं मैदान गेलं, त्याबरोबर तिकिटाचे पैसे गेले आणि लोकांची बघण्याची सवयही मोडली. सवय मोडल्यावर "बायकांचा खेळ बघायला येतं कोण?" असं म्हणायला सगळे मोकळे.

मधल्या काळात गुडिसन पार्कने पुरुषांचा पुष्कळ पराक्रम पाहिला. १९२७-२८ च्या हंगामात डिक्सी डीनने एव्हर्टनसाठी लीगमध्ये साठ गोल केले. हा माणूस १९८० मध्ये याच मैदानात सामना बघता बघता गेला. हिरवळीखाली आठशेहून अधिक चाहत्यांच्या अस्थी आहेत, इतका लोकांचा या जागेवर जीव! पण वास्तू जुनी झाली. मे २०२५ मध्ये पुरुषांचा संघ तिथला अखेरचा सामना खेळला आणि मर्सी नदीच्या काठी, गोदीतल्या नव्या घरात राहायला गेला. तिथे सुमारे त्रेपन्न हजार माणसं बसतात. म्हणजे १९२० साली मुलींनी जमवली होती, तेवढीच!

जुन्या मैदानावर आता बुलडोझर फिरणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण क्लबाने वेगळा निर्णय घेतला. एव्हर्टनचा महिला संघ तोवर एका लहानशा मैदानात खेळत होता. २०२५-२६ च्या हंगामापासून गुडिसन पार्क त्या मुलींचं झालं.

कोणी म्हणेल, पुरुषांनी नवा फ्लॅट घेतला आणि बायकांना जुना वाडा दिला, यात कसलं कौतुक? बोलण्यात तथ्य आहे. बाई, आपल्या वाट्याला नवं कोरं येतं कधी? पण एखाद्या सुट्टीच्या दिवशी पाहुणी म्हणून खेळायला मिळणं वेगळं आणि घराच्या किल्ल्या हातात येणं वेगळं. ज्या दारातून त्यांना "शोभत नाही" म्हणून बाहेर काढलं, त्याच दारात आता त्यांच्या नावाचा सामना लागतो. ते त्रेपन्न हजार पुन्हा जमायला वेळ लागेल. मोडलेली सवय एका दिवसात लागत नाही.

जाता जाता एवढंच सांगते. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की आपल्या घरांतही तिचं मैदान हळूच बंद होतं. ठराव कोणी करत नाही. "आता मोठी झालीस", "उन्हात काळी पडशील", "आधी स्वयंपाकघरात बघ" असं म्हणत आपणच दार लोटून घेतो. तिच्या शाळेत एकदा जाऊन विचारा, की खेळाच्या तासाला मैदान मुलींना किती दिवस मिळतं. आणि आज रात्री टीव्ही लागला की तिलाही शेजारी बसवून घ्या. एव्हर्टनची गोष्ट तर आता तुम्हीच सगळ्यांना सांगू शकाल.